तुमच्या कॅसेटमधली बासरी

तीर्थरूप बाबा,

लांबूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, खोकलाही जवळजवळ गेलाय. तुम्ही वेळेवर जेवता ना?

काल माझी ड्यूटी संपताना वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरनी ऑर्केस्ट्राचं तिकीट दिलं. तुमची ती लाडकी सिम्फनीच होती! कंडक्टर तरुण, संथ भागातही गाडी पकडायची असल्यासारखा. तुमच्या कॅसेटवरचा म्हातारा तोच भाग किती सावकाश उलगडतो! एवढी वर्षं त्याला रटाळ म्हणून तुमच्याशी भांडले, ते शब्द मागे घेते.

मग बासरीची जागा आली आणि मी कान टवकारले. तुम्ही सगळ्यांना गप्प बसवून रेडिओवरून ते टेप करत होतात आणि नेमकी तिथेच आई स्वयंपाकघरातून ओरडली होती, "अहो, दूध उतू जातंय!" आठवडाभर अबोला धरला होतात तुम्ही.

काल तिथे नुसती बासरीच वाजली. शेवटी मीच पुटपुटले, "अहो, दूध उतू जातंय." शेजारच्या आजी दचकल्याच.

तुमच्यासाठी घेतलेली नवी सीडी आता पाठवत नाही. आई गेल्यापासून तुम्ही कॅसेटला हात लावला नाही, असं दादा म्हणाला. रविवारी मी फोन करीन, तेव्हा लावा. तिघं मिळून ऐकू.

तुमची भांडखोर लेक