खातिबूचा ताप

सोमवार, ५ मे
मलेरिया नाही! छातीही स्वच्छ. मग हा ताप कशाचा? खातिबूचं अंग भाजतंय, कंबर धरून कळवळतो. मोम्बासात टुकटुक रिक्षा चालवतो, सुईने हेरॉइन घेतो — एवढंच नक्की.

म्वाकियो सर राउंडला आले. पलंगापासून लांबच उभे राहून मला म्हणाले, "सौमू, नशा उतरतेय त्याची. दोन दिवसांनी घरी पाठव."

असेलही. पण नशा उतरताना इतका ताप?

रक्त घ्यायला शीर सापडेना. हातांच्या शिरा सुतळीसारख्या टणक झाल्यात. शेवटी एकदा जांघेतून घेतलं, एकदा मनगटातून. दोन बाटल्या प्रयोगशाळेत दिल्या. जंतू वाढतायत का बघू.

त्याची मोठी बहीण रिझीकी डबा घेऊन आली — महमरीच्या गोडसर पुऱ्या आणि नारळाच्या दुधातली तूर. आल्याआल्या सुरू! "आईच्या बांगड्या विकून खाल्ल्यास, आता मला खा!" तोंडाने हे, हाताने घास भरवणं चालूच.

६ मे
पळायला निघाला होता. "डॉक्टर, हाडं पिळतायत हो. एक सुई मारून येतो, अल्लाशपथ परत येतो!" हेरॉइनची तलफ शमवणाऱ्या मेथडोनसाठी तिघांशी भांडले. मिळालं.

७ मे
उलट्या थांबल्या. थरथर गेली. जेवलासुद्धा. ताप मात्र तसाच! मग नशेचा नव्हे... की मेथडोनच कमी पडलं? काही सुचत नाही.

८ मे
एका बाटलीत जंतू वाढलेत. दुसरी कोरी!

सर म्हणाले, "कातडीवरचा जंतू असणार, सुईबरोबर गेला. खरा असता तर दोन्हीकडे दिसला असता." पटतं. आणि पटतही नाही.

खातिबूला विचारलं — इथे येण्याआधी काही औषध घेतलंस? "छे!" रिझीकी डब्याचं झाकण लावत बसली. मग हळूच, "मी दिल्या गोळ्या. दुकानातल्या, अँटिबायोटिकच्या. चहातून. तुम्ही ओरडाल म्हणून बोलले नाही."

म्हणजे औषध अंगात असताना रक्त घेतलं मी! दुसरी बाटली कोरी राहिली ती त्यामुळे? की सर बरोबर?

९ मे
प्रयोगशाळेतून फोन. जंतू स्टॅफ ऑरियस. हा दिसला की एका बाटलीतला असला तरी सोडायचा नसतो. लगेच हृदयाची सोनोग्राफी — उजव्या बाजूच्या झडपेवर जंतूंची गाठ, ठोक्याठोक्याला हलतेय. नशेच्या सुईने आत शिरलेले जंतू तिथून रक्तात.

सर पडद्याकडेच बघत म्हणाले, "शिरेतून औषध सुरू कर. सहा आठवडे." बस्. कंबरेत काय आहे ते अजून कळलेलं नाही.

खातिबू म्हणाला, "म्हणजे मी खरंच आजारी आहे?" कुणीतरी त्याचं खरं मानलं, असा चेहरा!

१२ मे
ताप उतरला!! रिझीकीने अख्ख्या वॉर्डाला महमरी वाटली. "मेला नाहीस ना, गाढवा? मग खा!"

१३ मे
रिझीकी डबा घेऊन आली नाही. खाली बाहेरच्या बाकावर दिसली — कुडकुडत होती, अंगाला हात लाववेना. "मलेरिया असेल, एखादी गोळी द्या ना." म्हटलं, आधी रक्त तपासू. तिने आपणच बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत सुयांचे डाग. "आमची सुई एकच असते, डॉक्टर. त्याला मीच शिकवलं. मी इथे आहे हे त्याला सांगू नका."