वांग्यांचं पोतं आणि माझं इंजेक्शन

माय, माझं इंजेक्शन मंजूर झालं. दुपारपासून कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय. नवऱ्याला फोन करून झाला, मुलीला सांगून झालं, नालवाडीतल्या आमच्या दूधवाल्यालाही सांगितलं, तो बिचारा माप हातात धरून ऐकत राहिला. तरी माझं पोट भरेना, म्हणून तुला लिहायला बसले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ही बातमी खरी तुझीच आहे.

तुझ्या बोटांना झालं होतं तेच मला झालं. सकाळी उठावं तर मूठ वळत नाही, पेरं सुजून लाल. तू त्याला वात म्हणायचीस आणि चुलीपाशी बसून कोमट तेल चोळायचीस. आता त्यावर इंजेक्शन निघालंय, दवाखान्यात दिवसभर झोपवून सलाईनमधून देतात. पहिली दोन आम्ही पदरमोड करून घेतली आणि काय सांगू, माझी बोटं उघडली. मी पोळ्या लाटल्या, स्वतःची वेणी स्वतः घातली. पण ते ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं, नाहीतर बोटं परत आखडतात, आणि आमच्या पगारात ते बसत नाही. मी ज्या सूतगिरणीच्या ऑफिसात आहे तिथे सगळ्यांचा आरोग्य विमा काढलेला, म्हणून मी निर्धास्त होते. तर विमा कंपनीनं त्या दोन इंजेक्शनांच्या बिलाचे कागद परत पाठवले, नियमात बसत नाही म्हणून. मी पुन्हा पाठवले, पुन्हा तेच. आमचे साहेब म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, ते लोक असंच करतात." आणि मी खरंच जाऊ देणार होते. पुढच्या इंजेक्शनची तारीख जवळ येत चालली होती.

मग गेल्या आठवड्यात डबा खाताना भरल्या वांग्याचा घास हातात होता आणि तू आठवलीस. वर्ध्याचा भाजीबाजार, सकाळचा लिलाव, मी तुझ्या पदराला धरून उभी आहे. अडत्या तुझ्या वांग्यांच्या पोत्यात हात घालतो, एक वांगं वर काढतो आणि म्हणतो, "बाई, माल किडका हाय. वापस घेऊन जा." दुसरी कुणी असती तर मिळेल त्या भावात देऊन मोकळी झाली असती. तू पोतं उचलतेस आणि सगळंच्या सगळं त्याच्या पायाशी ओततेस. "कोनतं किडकं हाय, बोट ठेवून दाखवा." लोक जमतात. तो चार-पाच वांगी बाजूला काढतो. तूही एक काढतेस, त्याला न दिसलेलं. "हे गाईले घालू. आता बाकीच्याचा भाव बोला." आणि तो बोलतो, माय, अगदी निमूट बोलतो.

मी हात धुतले आणि विमा कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा पाठ केल्यासारखं म्हणाला, "मॅडम, पॉलिसीत बसत नाही." ऑफिसात मी किती जपून, पुस्तकी बोलते तुला काय सांगू, पण त्या दिवशी तोंडातून तुझाच आवाज निघाला. "काऊन बसत नाई? कोनत्या ओळीत लिवलं हाय, वाचून दाखवा मले." तो म्हणाला, बिलात कॅल्शियमच्या गोळ्या आहेत, त्या घरी घ्यायच्या, त्यांचे पैसे मिळत नाहीत. मी म्हटलं, "त्या काढून टाका, त्यायचं तुमचं खरं हाय. आता इंजेक्शनचं वाचा." तो वाचू लागला. दवाखान्यात एका दिवसात देण्याच्या उपचारांची यादी होती, ती वाचता वाचता मध्येच थांबला. माझं इंजेक्शन त्या यादीतच होतं. "एक मिनिट हं मॅडम," आवाज एकदम मऊ झालेला. मी म्हटलं, "वाचा न बाबू, मी कुठी चालली?" आज मंजुरीचा मेसेज आला तेव्हा मी खुर्चीवरून उठून ओरडलेच. साहेब आता पेढे मागून राहिलेत.

आनंद नुसता उतू चाललाय, आणि त्यातच तुझा रागही येतोय. शेवटी शेवटी बांगड्या भरणारी तुझा हात साबणाच्या पाण्यात धरून बसायची. बांगडी पेरावरून पुढे सरकायची नाही, आणि तू म्हणायचीस, "राहू दे न वं, नाई जात तं." वांग्यांसाठी सगळा बाजार गोळा केलास आणि स्वतःच्या बोटांसाठी कधी कुणाला एक शब्द विचारला नाहीस. तुला कुणी नाही म्हटलंच नाही, कारण तू मागितलंच नाहीस. मेसेज वाचून मी आधी ओरडले आणि मग रडले, ती याच्यासाठी.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते कपाटातच राहील. एवढं लांबवायचंही कारण नव्हतं. मंजूर झालं, एवढ्या दोन शब्दांत तुला सगळं समजलं असतं. खरं सांगू? हात दुखत नव्हता, म्हणून लिहीत राहिले.