तीन महिने मी भ्याले न्हाई

११ नोव्हेंबर १९९८
प्रणिता, आजी बोलंल तसं लिही. कॉलेजातला शाणपणा घालू नको. वाचणार कुणी न्हाई, मला तर येतच न्हाई.

आमच्या गावातली योगिता दवाखान्यातून आली. आठवड्याखाली तिचं बाळंतपण मीच केलं. पोरगं झालं, पण तिचं रक्त थांबंना म्हणून अंबाजोगाईला नेलतं. तपासणीत एचआयव्ही निघाला. मला बाजूला घेऊन म्हणाली, आज्जी, तुमचं बोट विळीनं चिरलेलं होतं, टेस्ट करून घ्या. म्हटलं, चाळीस वर्षं बाळंतपणं करतेय, भ्यायला मी काय लेकरू हाय? उद्यापासून तुझ्या पोराला मीच न्हाऊ घालणार.

हातमोजे कावून घातले न्हाईत, प्रणिता विचारतीय. दाईच्या ट्रेनिंगात मिळालते. लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधलेत. लई चांगला माल, हवा जात न्हाई.

१२ नोव्हेंबर
योगिताकडं गेले न्हाई. कंबर.

१३ नोव्हेंबर
कंबर. ताट-तांब्या वेगळा केला. पित्तासाठी.

१६ नोव्हेंबर
बांगड्या भरायला अंबाजोगाईला गेलते. वाटेत दवाखाना लागला, म्हणून रक्त दिलं. बांगड्या राहिल्या.

१९ नोव्हेंबर
रिपोर्ट चांगला! तिथंच रांगेत पेढे वाटले. मग डॉक्टरीणबाई म्हणाली, आजी, एवढ्यात कळत न्हाई, तीन महिन्यांनी परत या. म्हटलं, बाई, मला शिकवू नको. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दिवस गेलेत का, ते कोणती सुईण सांगती? बाई हसली. म्हणाली, आणि सोबत जेवून, लेकराला न्हाऊ घालून हे लागत न्हाई. तेही मला ठाऊकच होतं.

उद्या नक्की जाणार.

२० नोव्हेंबर
आमावस्या जवळ होती. न्हाई गेले.

८ डिसेंबर
ताप. लेकालाही हाय, सगळ्या गल्लीला हाय. पण त्यांचा थंडीचा, आणि माझा... प्रणिता, ही ओळ खोड.

तिनं खोडली न्हाई वाटतं.

१४ जानेवारी १९९९
योगितानं तीळगूळ धाडला. शेळीला घातला. शेळी चांगली हाय, संध्याकाळी दोनदा जाऊन बघितलं.

२ फेब्रुवारी
योगिता हौदावर दिसली. मी दुसऱ्या वाटंनं आले. ती वाट जवळची पडती.

जवळची न्हाई, असं प्रणिता म्हणतीय. तिला चालायची सवय न्हाई.

१७ फेब्रुवारी
दुसरा रिपोर्टही चांगला! मी आधीच म्हणत होते. उद्या तेल, हळद घेऊन योगिताकडं जाते. बिचारीला कुणी न्हाई.

१८ फेब्रुवारी
गेले. ऐटीत सांगितलं, मी सुटले. तिचा चेहरा खरंच फुलला. म्हणाली, बरं झालं आज्जी, लई घोर लागलता तुमचा.

म्हटलं, पोराचं काय? म्हणाली, दीड वर्साचा होईस्तोवर नक्की कळत न्हाई. तोवर टेस्टमध्ये आईचंच दिसतं.

 म्हटलं, आण, न्हाऊ घालते. मांडीवर घेतलं तर पोरगं असं किंचाळलं की शेजारीण डोकावली. योगितानं उचललं, पाय लांब करून बसली, पोराला पायांवर पालथं घातलं. गप झालं. तीन महिन्यांत हात बसलाय तिचा, माझ्यापेक्षा हलका.

म्हणाली, आज्जी, तुमी नुसतं पाणी वता.

वतलं.