शंभर टक्के मेंदू

३ फेब्रुवारी, सोमवार. पहाटे ५.१०
आजपासून मी नवा महालिंग. माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो म्हणे. आमच्या शाळेत हेडमास्तर धरून सरासरी चार. या चार टक्केवाल्यांच्या रजा मांडण्यात वीस वर्षं क्लार्की केली आणि माझे नव्वद टक्के कुजले. आता बास. ऑनलाइन कोर्स घेतलाय. चौदा दिवस, चौदा कॅप्सूल, शंभर टक्के मेंदू. नियम एकच: काहीही लिहून ठेवायचं नाही. (ही डायरी म्हणजे लिहून ठेवणं नव्हे. हा डेटा आहे.)
महेश्वरी म्हणाली, त्या गोळ्या मायला द्या, तिला खरी गरज हाय. माय हल्ली फार विसरते. बायकोला समजावलं की फुटक्या टाकीत पाणी भरत नसतात. ती उठून मायचं अंघोळीचं पाणी काढायला गेली. पटलं असावं.

५ फेब्रुवारी, बुधवार
तिसरी कॅप्सूल. डोक्यात मुंग्या. पेशी जाग्या होतायत. शिपाई समोर आला तेव्हाच त्याच्या मनातलं ओळखलं: हा रजा मागणार. त्यानं सांगितलं की माझा शर्ट उलटा आहे. रजा तो नंतर मागेलच.

६ फेब्रुवारी, गुरुवार
महेश्वरी बहिणीच्या बाळंतपणाला चुडाव्याला गेली. आठ दिवस. जाताना एकच गोष्ट दहादा सांगितली: शाळेत जाताना मायला शेजारी नर्मदाबाईंकडे सोडा. वर कागद लिहून फ्रिजला चिकटवला. मी काढला. नियम म्हणजे नियम.
मायच्या पदराला पाच गाठी. लक्षात ठेवायच्या प्रत्येक गोष्टीला एक गाठ, ही तिची जुनी सवय. एक लिंगपूजेची, पूजा झाली की सोडते, मगच जेवते. तिला सांगितलं, हे मेंदूला कुबड्या देणं आहे. पाचही गाठी मी सोडल्या. रडली. म्हणाली, "माझं समदं गेलं की रे." सुरुवातीला जड जातंच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
गंभीर घडामोड. शाळेच्या गेटवर काळ्या चष्म्याचा माणूस. शिपायाला माझं नाव विचारत होता. कोर्सवाल्यांनी बजावलं होतंच की जागृत मेंदूवर बड्या कंपन्यांची नजर असते. मागच्या भिंतीवरून निसटलो. पॅन्ट फाटली.
मायला नर्मदाबाईंकडे सोडायचं राहिलं वाटतं. पण संध्याकाळी घरातच होती. पाय धुळीनं भरलेले. अंगणात फिरली असेल.

८ फेब्रुवारी, शनिवार
चष्मेवाला पुन्हा. "ओ आप्पा, थांबा की!" अशी हाक. मोंढ्यातून, कापसाच्या गाड्यांमधून पळालो. सत्तेचाळिसाव्या वर्षी हा वेग! कॅप्सूल पायांपर्यंत पोचलीय.
मायची भाकरी तशीच. पूजा झाली की नाही हे आठवेना, म्हणून परत पूजेला बसली. दिवसभरात चारदा. एकाग्रता वाढतेय. माझ्या सहवासाचा परिणाम.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी १०
आठवा धडा: मनःशक्तीनं वस्तू हलवणे. बाहेर पडताना दाराच्या कडीकडे एकटक पाहिलं. हललेली दिसली नाही. लागली असणार.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
दार सताड उघडं. माय नाही. घाबरलो नाही. डोळे मिटले, मेंदू पूर्ण चालू केला. गोदावरीचा घाट दिसला. धावत गेलो. घाटावर म्हशी. परत येऊन शेजारी विचारलं. नर्मदाबाई म्हणाल्या, "चार दिस झाले, आल्याच न्हाईत त्या. मला वाटलं महेश्वरीनं संगट नेलं असंल."
घाबरलोय.

११ फेब्रुवारी, मंगळवार
काल चौकात चष्मेवाल्यानं दंडच धरला. नाव जीवन. एसटी स्टँडसमोर त्याची रसवंती आहे. चष्मा मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा. म्हणाला, "शुक्रवारपासून तुमाला गाठायलोय आप्पा. तुमी पळायलाव."
मी शाळेत गेलो की माय त्याच्या बाकावर येऊन बसायची. चारठाण्याची गाडी कधी लागते, विचारायची. चारठाणं तिचं माहेर. तिथं आता कुणी नाही. तो रस द्यायचा, ती घ्यायची नाही. पूजा व्हायचीय म्हणायची. मग तोच तिला रिक्षात बसवून घरी पाठवायचा. काल मात्र ती उठायलाच तयार नव्हती.
त्याच्याबरोबर गेलो. माय बाकावर बसली होती. पदराला एक गाठ. कशाची, विचारलं.
"माझा लेक न्यायला येणार हाय," म्हणाली. "लय विसरतो बाबा त्यो. म्हणून म्या बांधलीय."
माय, मीच तो, म्हणालो. तिनं मला नीट निरखलं.
"न्हाई," म्हणाली. "तुमी न्हाई." आणि सरकून मला बसायला जागा दिली.
काय करणार? बसलो. तासभर आम्ही दोघं तिच्या लेकाची वाट बघत होतो.