कापणीचा भोपळा

बाई, आपल्या परळच्या चर्चमधला कापणीचा सण यंदाही झाला, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्ही असतात तर रविवारच्या शब्बाथ शाळेतल्यासारखी बाकाच्या कडेला उभी राहून मी विचारलं असतं, बाई, माझं चुकलं का? तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणाला असतात, आधी काय झालं ते सरळ सांग, फाटे फोडू नकोस. तर सरळ सांगायचा प्रयत्न करते. पण मी आता साठीच्या पुढे आहे, टेलिफोन खात्यातून रिटायर होऊन घरी बसले आहे, आणि फाटे फोडायला मला भरपूर वेळ आहे.

भोपळा तुम्हाला आठवत असणारच. सणाच्या सकाळी मंडळी वेदीपुढे फळं, भाज्या, अंडी, केक असं काय काय आणून ठेवायची. कापणी म्हणायची आपली एक रीत, आपल्यातल्या एकाच्याही नावावर शेत नव्हतं, सगळं पीक दादरच्या मंडईतून पिशव्या भरून यायचं. उपासना संपली की अंगणात टेबल लागायचं आणि तुम्ही लिलावाला उभ्या राहायचात. आठवडाभर म्युनिसिपालिटीच्या शाळेत पाढे म्हणवून घेणारा तुमचा तो आवाज. ‘अहो हेडक्लार्क, कोंबडीकडे नुसते बघत राहू नका, ती लाजतेय.’ ‘काय हो वहिनी, ते बोली लावतायत तर त्यांचा हात कशाला धरता? देवाच्या कामात तरी माणसाला मोकळं सोडा.’ केळी, केक, कोंबडी, सगळं कुणा ना कुणाच्या घरी जायचं. लाल भोपळा मात्र जायचा नाही. जो बोली जिंकेल त्याने पैसे द्यायचे, भोपळा दोन्ही हातांनी उचलून सगळ्यांना दाखवायचा आणि परत टेबलावर ठेवायचा. की तुम्ही पुन्हा सुरू, ‘परत आला हो मंडळी, कुणाच्या घरी टिकतच नाही बिचारा.’ दुपारपर्यंत तो एकच भोपळा सगळ्या मंडळीने विकत घेतलेला असायचा. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं, सगळ्यांना आपलं ठाऊक असायचं.

माझ्या आईला ठाऊक नव्हतं. आम्ही जालन्याकडून नुकतेच आलो होतो, वडील हॉस्पिटलात वॉर्डबॉय म्हणून लागले होते, आणि मुंबईत आल्यापासून आई घरातसुद्धा दबक्या आवाजात बोलायची. त्या दिवशी तिने बोली लावली. कुठून धीर आला कोण जाणे. भोपळा तिला मिळाला, तिने तो पदरात घेतला आणि लेकरू कडेवर घ्यावं तसा घेऊन ती थेट फाटकाकडे चालू लागली. मी तिच्या मागे. आणि मागून तुमचा आवाज येतो, ‘अहो बाई, निघालात कुठे? भोपळा मंडळीचा असतो. आपण फक्त द्यायचं.’ लोक हसले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं होतं. आई परत आली, भोपळा टेबलावर ठेवला, पदर नीट केला. त्यानंतर जन्मात तिने कधी बोली लावली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही आमच्या क्वार्टरच्या दारात. हातात डबा, डब्यात भोपळ्याचे घारगे. आई चहा टाकते, तुम्ही खुर्ची सोडून तिच्या स्टोव्हजवळ जमिनीवर बसता, आणि विचारता, तुमच्याकडे भोपळ्याचं काय करतात हो? आई सांगायला लागते. मेथीदाण्याची फोडणी, वरून गूळ, शेवटी शेंगदाण्याचं कूट. सांगता सांगता तिचा आवाज मोठा होत जातो, गावाकडे असायचा तेवढा. आदल्या दिवसाबद्दल ना तुम्ही काही बोललात, ना ती. आठवड्याने तिने मला तुमच्याकडे पाठवलं, डब्यात चटणी भरून, कारण रिकामा डबा परत देऊ नये. तुम्ही तो हुंगून म्हणालात, ‘आईला सांग, माझे घारगे हिच्यापुढे काहीच नाहीत.’ मी ते आईला सांगितलं तेव्हा ती नुसती हसली.

आता आजचं. बाई, मंडळी उरली नाही. मुलं कल्याणला, वसईला, काही पार कॅनडाला गेली, आणि चाळी पाडून जे टॉवर उठले त्यांत आपलं कुणी राहायला आलं नाही. रविवारी सकाळी बाकं मोकळी असतात. तरी प्रत्येकजण आपल्याच ठरलेल्या बाकावर बसतो, त्यामुळे पाळकांना प्रवचन चारी कोपऱ्यांत फेकावं लागतं. पाळकही आपले एकट्याचे नाहीत. धर्मप्रांताला पगार परवडत नाही म्हणून तीन चर्चमध्ये मिळून एक. चांगला पोरगा आहे नगरकडचा, स्कूटरवरून येतो, झगा पिशवीत. छप्पर गळतं, आणि धर्मप्रांताच्या ऑफिसात विचारलं तर ते म्हणतात, सगळ्यांचीच छपरं गळतायत. संध्याकाळी मात्र तिथेच तमिळ मंडळीची उपासना असते आणि त्यांना बाकं पुरत नाहीत. आमचं नि त्यांचं विळ्या-भोपळ्याचं नातं होतं असंही नाही, नातंच नव्हतं. आम्ही निघून जायचो, मग ते यायचे. यंदा बिशपसाहेबांकडून निरोप आला, सकाळची मराठी उपासना बंद करा, दोन्ही मिळून एकच ठेवा, थोडं मराठी, थोडं तमिळ, थोडं हिंदी. मंडळीच्या कमिटीने हो किंवा नाही सांगायचं. कमिटीची सेक्रेटरी मी. मी नाहीच म्हणणार हे सगळ्यांनी धरून चाललं होतं, आणि मी तर छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, मी आहे तोवर मराठी उपासना मोडणार नाही.

पाळकांनी म्हटलं, निर्णय पुढे बघू, निदान सण तरी एकत्र करा. केला. लिलाव माझ्या गळ्यात पडला. तुमच्यासारखं मला कुठलं जमायला, नुसती ओरडत होते. भोपळ्यावर एका तमिळ बाईने बोली लावली, अँटॉप हिलला राहते, पस्तिशीची असेल. तिने पैसे दिले, भोपळा कापडी पिशवीत घातला आणि गेली की हो. आमची सगळी म्हातारी मंडळी टेबलाकडे बघत उभी. तुमचं वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. का कोण जाणे, मला फाटकाकडे जाणारी तिची पाठच दिसत राहिली आणि तोंड उघडलं नाही. घरी आल्यावर मात्र नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं झालं. आठवडाभर मी तिला मनातल्या मनात झाडत होते.

पुढच्या रविवारी आमची उपासना संपते न संपते तोच ती अंगणात हजर. मोठं पातेलं, सोबत भात. म्हणाली, ‘आंटी, इतना बड़ा कद्दू, हम चार लोग कितना खाएंगे? सबके लिए बनाया.’ मी म्हटलं, ‘अरे, वो वापस रखने का होता है. फिर से बेचते हैं.’ ती गोंधळली. ‘वही कद्दू? फिर से?’ मग अगदी सरळपणे विचारलं, ‘तो फिर उसको खाता कौन है?’

बाई, इतकी वर्षं तो भोपळा सगळ्यांनी घेतला, नि खाल्ला कुणी? मग तुमचा डबा आठवला. ते घारगे त्याच भोपळ्याचे होते ना? दर वर्षी तो शेवटी तुमच्याकडेच जायचा का? आणि दर वर्षी तुम्ही असा कुणाकडे डबा घेऊन जायचात, की फक्त माझ्या आईकडे, तिला बोललात म्हणून? ‘आपण फक्त द्यायचं’ ही शिकवण होती की नुसता तोरा होता? तुम्हालाच पुरतं ठाऊक होतं का? हे विचारायला तुमच्या वयाचं आता मंडळीत कुणी उरलेलं नाही.

त्याच दुपारी कमिटीची सभा होती. मतं घेतली तर निम्मे इकडे, निम्मे तिकडे, राहिले मी. आणि पाळकांनी ‘एकत्र करावं असं कुणाला वाटतं’ म्हटल्यावर माझा हात वर गेला. मला विचारून गेला नाही. माझ्याबरोबर तुमच्या शब्बाथ शाळेत असलेली माझी मैत्रीण तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, दुसऱ्या टोकाच्या बाकावर जाऊन बसते. आता एकच उपासना होते. ते उभे राहतात तेव्हा आम्ही बसतो, आमेन कुठे म्हणायचं ते मला कळत नाही. चर्च भरलेलं असतं आणि मला त्यात आपलं देऊळ सापडत नाही. एखाद्या दिवशी वाटतं, मी तुमचं सगळं दुसऱ्याच्या हवाली करून बसले. एखाद्या दिवशी वाटतं, आईला हे बघायला मिळायला हवं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातली गत. आणि मला तुमची फार आठवण येते, ते वेगळंच.

हे पत्र ठेवू कुठे? शिवडीच्या दफनभूमीत जाऊन आले. तुम्हाला ठेवलं होतं त्या जागेत आता दुसरं कुणी आहे, जागा कमी म्हणून काही वर्षांनी माती पुन्हा उघडतात. तिथल्या दगडावरचं नाव वाचलं, ओळखीचं नव्हतं, तरी नेलेली फुलं तिथेच ठेवून आले. पत्र पर्समध्येच राहिलं. राहील.

त्या तमिळ बाईचा डबाही अजून माझ्या ओट्यावर आहे, उरलेली भाजी तिने मला भरून दिली होती. रिकामा कसा देऊ म्हणून काल घारगे केले. तुमच्यासारखे फुगले नाहीत, पण रविवारी नेणार आहे. सगळ्यांना मी सांगते, छप्पर गळतंय, पैसे नाहीत, म्हणून हात वर केला. ते खोटं नाही. पण तेव्हा माझ्या मनात छप्पर नव्हतं, बाई. भाजी होती. खोबरं, कढीपत्ता, थोडी डाळ. मी दोनदा मागून घेतली होती, आणि कशी झाली म्हणून तिने विचारलं तेव्हा नुसतं ‘ठीक है’ म्हटलं होतं.