शिकवून झालेलं

सोमवार, ४ तारीख

पोचले एकदाची! बसने हाडं खिळखिळी केली, पण स्टँडवर शाळेचे शिपाईमामा माझ्या आधीच हजर. ट्रंक खांद्यावर टाकून ते शाळेपर्यंत अखंड बोलत राहिले. मला नुसतं ‘हो का?’ म्हणायचं काम उरलं. गाव आटोपशीर आहे. स्टँडवरून सरळ रस्ता, मग बेकरी, टपाल ऑफिस, मधोमध तलाव आणि त्याच्या पलीकडे शाळा. शाळेच्याच वरच्या मजल्यावर मला खोली दिली आहे. खाट कुरकुरते, नळ त्याच्या मनात येईल तेव्हा वाहतो, पण खिडकी केवढी! कापडाच्या दुकानात इतकी वर्षं ताग्यांच्या मांडणीकडे बघत काढली, त्यामुळे ही खिडकी म्हणजे मला चैनच वाटते.

मुख्याध्यापिकांना इथे सगळे मोठ्या बाई म्हणतात. मी आधीच सांगून टाकलं की माझ्याकडे ना पदवी ना प्रशिक्षण, बारावी झाले आणि थेट कापड मोजायला लागले. वाटलं, आता चहा संपायच्या आत परतीची बस दाखवतील. त्यांनी उलट माझा हातच धरला. म्हणाल्या, शिकलेल्या बाई आम्हाला लाभत नाहीत, तुमच्यासारखीच हवी होती. जरा खटकलं, पण नोकरी मिळत असताना खोलात कोण शिरतं?

ठकीला ताईकडे ठेवून आले आहे. लेक पाच वर्षांची आणि तोरा पन्नाशीतल्या बाईचा. निघताना माझेच डोळे भरून आले तर मलाच दम देते, शाळेत जाताना रडायचं नसतं म्हणून. दर शनिवारी दुपारच्या बसने तिच्याकडे जायचं आणि बस्तान बसलं की तिला इथेच आणायचं, असं ठरलं आहे. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. तिच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

मंगळवार, ५ तारीख

तिसरीचा वर्ग मिळाला. मुलं इतकी शहाणी की आपलंच काही चुकतंय की काय असं वाटावं. एक ढकलाढकली नाही, एक चिमटा नाही. मी तोंड उघडलं की सगळ्या पेन्सिली एकदम वर.

दुकानात मालकांची सक्त ताकीद असे की गिऱ्हाईकाला ‘माहीत नाही’ म्हणायचं नाही. रंग जाईल का, कापड आटेल का, काहीही विचारोत, ठाम उत्तर द्यायचं. ती सवय आज कामी आली. वर्गाची मॉनिटर एक चष्मेवाली मुलगी आहे. तिने कोपऱ्यातल्या जाळ्यातल्या कोळ्याकडे बोट दाखवून विचारलं की ह्याला पाय किती असतात. मी बेधडक सांगितलं, सहा. सगळ्यांनी लिहून घेतलं. वर येऊन तिसरीचं पुस्तक उघडते तर आठ! जीभ चावली. उद्या सावरून घेईन.

संध्याकाळी खिडकीत बसले होते तर घराघरांतून एका सुरात आवाज यायला लागले. मामा म्हणाले, ही इथली जुनी पद्धत. मुलं दिवसभराचं शिकलेलं मोठ्याने म्हणतात आणि घरातली थोरली माणसं त्यांच्या मागून म्हणतात. खरं सांगते, छाती फुगली माझी. काल आलेली मी, आणि अख्खं गाव माझा धडा म्हणत होतं. कोळ्याला सहा पाय असतात.

बुधवार, ६ तारीख

वर्गातल्या त्या कोळ्याला आज खरंच सहा पाय होते. झाडताना दोन तुटले असतील असं म्हणून हसले. मग न्हाणीघरातला पाहिला. त्यालाही सहा. खिडकीमागे एक होता, त्यालाही सहाच. तिघेही चालताना एका अंगाला कलत होते, अजून सवय झाली नसावी असे. माझीच नजर फिरली आहे बहुतेक. नवी जागा, झोप अपुरी, दुसरं काय? सावरून घ्यायचं मात्र राहूनच गेलं.

शुक्रवार, ८ तारीख

आज ‘आपलं गाव’ हा धडा. पुस्तकात काही धड नव्हतं, म्हणून फळ्यावर गावाचा नकाशाच काढला. शाळा, तलाव, टपाल ऑफिस, बेकरी, घरं, एक झाड आणि झाडावर पोराटोरांना खूश करायला एक पोपट. बेकरीच्या पुढचा रस्ता आणि स्टँड काढायचा होता, पण तेवढ्यात घंटा झाली. मुलं उतरवून घेत होती, मग अर्धवट दिसू नये म्हणून मी चारही बाजूंनी जाड चौकट ओढून दिली. कापडाला काठ असला की कसं उठून दिसतं, तसा तो नकाशा दिसायला लागला. मोठ्या बाई दारातून बघत होत्या. इतकं प्रसन्न मी त्यांना पाहिलं नव्हतं.

उद्या ठकी! तिच्यासाठी रंगीत खडू घेऊन ठेवलेत. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे.

शनिवार, ९ तारीख

बस चुकली नाही. बस नाही. रस्ताच नाही.

बेकरीपर्यंत गेले आणि पुढे गुडघ्याएवढा पांढरा कठडा. त्याच्या पलीकडे काहीच नाही. फळा ओल्या फडक्याने पुसल्यावर जसा दिसतो तसला काळपट रंग, वरपासून खालपर्यंत, भर दुपारी. हात लावला तर गार आणि सपाट. हाताला खडूची पूड लागली.

बेकरीवाल्याला विचारलं, स्टँड कुठे गेला? त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. म्हणाला, बाई, इथे कधी स्टँड नव्हता, तुम्हीच तर काल शिकवलंत. त्याच्या दुकानासमोरच्या झाडावर पोपट बसला होता. तो हलत नव्हता.

टपाल ऑफिसात जाऊन ताईचा फोन नंबर सांगितला. टपाल मास्तरांनी विचारलं, हा नंबर गावातल्या कुणाचा? गावातला नाही म्हटल्यावर त्यांनी फोन हळूच खाली ठेवला आणि मला पाणी दिलं.

ठकी दारात बसली असेल. ताई तिला आत चल म्हणत असेल आणि ती ऐकत नसेल.

रविवार, १० तारीख

कठड्याला धरून गावाला फेरी मारली. चारही बाजूंना तेच. एका कोपऱ्यात कठडा जरा वाकडा आहे. तिथे खडू ओढताना माझा हात हलला होता.

सोमवार, ११ तारीख

वर्गात शिरल्या शिरल्या फळ्यावर रस्ता काढला, स्टँड काढला, बससुद्धा काढली. म्हटलं, मुलांनो, परवा बाईंचं चुकलं, हे लिहून घ्या. सगळ्या पेन्सिली खाली. चष्मेवाली उभी राहिली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, बाई, हे शिकवून झालंय. मी ओरडले, विनवलं, शेवटी टेबलावर डोकं ठेवून रडले. एकही पेन्सिल वर झाली नाही.

मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी काही लपवलं नाही, तेच जास्त भयंकर. म्हणाल्या, शिकलेल्या बाई आल्या की पुस्तकात बघून शिकवतात. जे आहे तेच सांगतात, अडलं तर बघून सांगते म्हणतात. त्याने गावात भर काय पडणार? गावाला ठोकून द्यायची हिंमत असलेलं माणूस लागतं. हा तलाव म्हणे आधीच्या मास्तरांचा. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे, शिकवता शिकवता गावाला तलाव देऊन गेले. मी विचारलं, आता ते कुठे आहेत? त्या हसल्या. जाणार कुठे, म्हणाल्या, सांगण्यासारखं काही उरलं नाही तेव्हापासून ते घंटा वाजवतात.

शिपाईमामा! मी तशीच खाली धावले. ते घंटेचं पितळ पुसत होते. मामा, मला स्टँडवरून तुम्हीच आणलंत ना, म्हणून गदागदा हलवलं त्यांना. त्यांनी विचारलं, स्टँड म्हणजे काय हो बाई?

बुधवार, १३ तारीख

ठरवलं आहे, तोंडून एक शब्द पुस्तकाबाहेरचा काढायचा नाही. दोन दिवस नुसती बेरीज. मुलं मलूल झाली आहेत. बेकरीवाल्याने विचारलं, आज काही नवं नाही का? वाटेत दोन बायका थांबल्या, त्यांनीही तेच विचारलं. प्रेमाने विचारतात सगळे. त्यापेक्षा दगड मारले असते तर बरं वाटलं असतं.

गुरुवार, १४ तारीख

काय करून बसले मी!

मधल्या सुट्टीत वर्गात एकटीच बसले होते. एक चिमुरडी आली, वेणी सुटली म्हणून. ठकीचीही अशीच सुटते. वेणी घालता घालता पोरीने विचारलं, बाई, तुम्ही रोज का रडता? आणि माझा बांध फुटला. सांगितलं तिला की मला एक मुलगी आहे, ठकी. दोन वेण्या घालते. पुढचा एक दात पडलाय. हसली की दोन्ही खांदे उडवते. मला आई म्हणून हाक मारते. किती दिवसांनी तिच्याबद्दल कुणाशी तरी बोलत होते, मला थांबवेना. मान वर केली तर सुट्टी संपली होती. अख्खा वर्ग बाकांवर बसून लिहीत होता.

आत्ता घराघरांतून ऐकू येतंय. बाईंना एक मुलगी आहे. तिला दोन वेण्या आहेत.

दारोदार फिरले. हात जोडले, थांबा म्हटलं. ते मान डोलावून हसतात आणि म्हणतच राहतात. एका म्हातारीने माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, लेक येणार तुमची, रडताय काय?

शुक्रवार, १५ तारीख

ती आली आहे.

पहिल्या बाकावर. दोन वेण्या. मी दारात दिसल्याबरोबर तिने खांदे उडवले, पडलेला दात दिसला, म्हणाली आई. आवाज तिचाच. मी धावले आणि तिला घट्ट—

हसण्याच्या वर काही नाही. गुळगुळीत आहे. कपाळापर्यंत नुसती गुळगुळीत कातडी.

डोळ्यांबद्दल मी काही बोललेच नव्हते.

ही माझी नाही, हे मला कळतं. पण तिकडची माझी— ताईच्या घरात आज सकाळी उठली ती— तीही अशीच झाली असेल तर? कुणाला विचारू? टपाल मास्तर पाणी देतील.

मुलांच्या पेन्सिली वर होत्या. शिकवलं. काळे, मोठे डोळे, उजव्या पापणीवर तीळ. नाक, हात, बोटं, नखं. जेवताना किती छळते ते. भूक लागली की घर डोक्यावर घेते ते. अंगणात धावून धावून धाप लागते ते. आठवेल ते सगळं, एका दमात. आपल्या लेकीचं कुणी असं घाईघाईने सांगतं का?

शनिवार, १६ तारीख

डोळे आले. काळे, मोठे, तीळ अगदी जागेवर. माझ्याकडे बघते. फक्त माझ्याकडे.

भुकेली आहे. घास भरवला, तोंडातून तसाच बाहेर. पुन्हा भरवला. गिळायचं शिकवलं नाही. घसा शिकवला नाही. भूक शिकवली.

रडत नाही. रडायचं सांगितलं नाही. नुसतं आई, आई.

पळून जाण्याचा विचार आता येत नाही. कठडा आज सकाळी मोडला असता तरी हिला सोडून कुठे जाऊ?

शनिवार, दुपार

सुट्टी असून सगळी मुलं आली आहेत. आईबापही आले आहेत, मागच्या भिंतीला टेकून उभे. मोठ्या बाईंनी स्वतः फळा पुसून दिला.

घसा शिकवला. पोट शिकवलं. ते उद्या सकाळी येईल, आधी नाही. आणि ती बाकावरून उठली, वर्गात दोनदा धावली, ठकी धावते तशीच— आणि तिला धाप लागली.

धाप मीच शिकवली. श्वास नाही.

छाती हलत नाही. तोंड उघडं. धाप थांबत नाही. काळे डोळे माझ्यावर. आई म्हणायलाही आता हवा पुरत—

पुस्तकात बघितलं. पुस्तकात लिहिलंय, सजीवांना श्वासाची गरज असते. एवढंच. पुढचं पान झाडांचं.

चुकलं तर बदलता येणार नाही. एक शब्द चुकला तर ती तशीच— तिकडचीही तशीच—

पेन्सिली वर. थांबलेत सगळे. किती प्रेमाने बघताहेत.

हवा नाकातून आत जाते. इथपर्यंत बरोबर आहे. लिहिलं त्यांनी. मग छातीत जाते. छातीत दोन— दोनच असतात ना? दोन. लिहिलं. मग ती आत गेलेली हवा तिथून पुढे—