शेठच्या ताब्याबाबत

घडले ते असे :

१. शेठ हा माझा कुत्रा. नर, वय अकरा, वजन चौदा किलो. सव्वा वर्षापूर्वी त्याला कुशिंगचा आजार असल्याचे निदान झाले. या आजारात शरीर स्वतःचेच एक संप्रेरक गरजेपेक्षा जास्त बनवत राहते. कुत्रा फार पाणी पितो, फार खातो, पोट सुटते, केस झडतात, कातडी कागदासारखी पातळ होते. आजार बरा होत नाही. रोज एक कॅप्सूल देऊन आटोक्यात ठेवावा लागतो.

२. गेल्या जूनपासून माझी फुप्फुसे घट्ट होत चालली आहेत. हाही आजार बरा होत नाही. त्याला कॅप्सूलही नाही.

३. मी साडेसहाला कामावर निघत असे. त्यामुळे सकाळी आठची कॅप्सूल बाबा देत आणि फ्रिजवर लावलेल्या तक्त्यात खूण करत. तक्ता मी आखलेला होता.

४. ऑक्टोबरमध्ये शेठचे पाणी दिवसाला नऊशे मिलिलिटरवरून दोन हजारांवर गेले. रक्त तपासले, त्यात ते संप्रेरकही वाढलेले आले. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "औषध रोज जातंय ना?" मी तक्ता दाखवला. एकही चौकट रिकामी नव्हती. त्या म्हणाल्या, "असा तक्ता तर आमच्या दवाखान्यातसुद्धा नाही." त्यांनी डोस दुप्पट केला.

५. त्यानंतर अकराव्या दिवशी शेठ कोसळला.

६. तो वाचला.

७. २६ फेब्रुवारीला माझ्या डॉक्टरांनी मला चार ते सहा महिने सांगितले. शेठला त्याच्या डॉक्टरीणबाई एक ते दीड वर्ष सांगतात. वजाबाकी केली, तर शेठ माझ्यामागे सहा ते चौदा महिने उरतो.

सबब मी, खाली सही करणारी, वय एकतीस, अविवाहित, वजनमापांच्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, माझ्या मालमत्तेची आणि जबाबदारीची व्यवस्था लिहून ठेवते. मी शुद्धीवर आहे. आज सकाळी रक्तातला ऑक्सिजन एक्क्याण्णव टक्के होता, विचार करायला तेवढा पुरतो. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि नंतर करण्याचा संभव कमी आहे.

कलम १. घर. तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांतला माझा निम्मा हिस्सा बाबांना. इमारतीला लिफ्ट नाही. पायऱ्या अठ्ठेचाळीस आहेत. मी सध्या अकरा चढून थांबते. बाबा वरून विचारतात, "काय गं, दमलीस?" मी सांगते, मोजतेय. यापुढे त्यांनी बाजाराची पिशवी एकदम भरू नये. दोन फेऱ्या कराव्यात.

कलम २. बचत. तीतून आधी माझे शेवटचे खर्च, मग शेठची औषधे. उरेल ते ताईच्या होणाऱ्या बाळाला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिला पाचवा महिना चालू आहे.

कलम ३. साधने. प्रमाण वजनांची पितळी पेटी माझी स्वतःची आहे, कार्यालयाची नाही. ती माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंना द्यावी. ती वजने चिमट्याने उचलायची असतात, बोटांचा घामसुद्धा काट्यावर दिसतो. बाईंना हे सांगावे लागणार नाही. आमच्या साहेबांना काही देत नाही. मी आजारी पडल्यावर "तुम्हाला उभं राहायचा त्रास नको" म्हणून त्यांनी माझी बदली भांडारात केली. भांडारात खुर्ची नव्हती.

कलम ४. शेठचा ताबा बाबांना का देत नाही. हे कलम लांबेल.

शेठ कोसळला त्या रविवारी ताई आणि भावोजी आमच्याकडे जेवायला आले होते. भावोजी लिफ्ट दुरुस्तीचे काम करतात. त्यांना घरात कुत्रा आवडत नाही. आमच्याकडे आले की पाय वर घेऊन बसतात. सकाळी शेठने अन्नाला तोंड लावले नव्हते. या आजाराचा कुत्रा अन्न सोडतो तेव्हा काहीतरी गंभीर असते, हे मला पाठ होते. तरीही मी चाळीस मिनिटे वाट पाहिली, कारण तक्त्याप्रमाणे सगळे ठीक होते. मग तो उठायला गेला आणि मागचे पाय पसरून खाली बसला. मला त्याला उचलता येत नव्हते. बाबांनाही नाही. भावोजींनी त्याला चादरीत गुंडाळले आणि अठ्ठेचाळीस पायऱ्या उतरवले. वाटेत शेठने त्यांच्या शर्टावर लघवी केली. भावोजी म्हणाले, "शेठ, निदान खालच्या मजल्यापर्यंत तरी थांबायचं."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावले. औषध जास्त झाल्याची लक्षणे दिसत होती. पण मागच्या रक्ततपासणीनुसार ते कमी पडत होते. त्यांना ताळमेळ लागेना. मी पिशवीतून तक्ता काढून दिला. भावोजींनी तो मधेच घेतला, खिडकीपाशी नेऊन तिरपा धरला आणि म्हणाले, "हा खोटा आहे."

मी विचारले, कशावरून?

"आठवड्याच्या साती खुणा एका दमात केलेल्या आहेत. एकच पेन, एकच दाब, एका ओळीत. रोज खूण करणारा माणूस कधी घाईत असतो, कधी त्याचे हात ओले असतात. एखादी तरी चौकटीबाहेर जाते. आमच्यात देखभालीची वही इतकी सुबक दिसली, की आम्ही आधी लिफ्ट बंद करतो, मग विचारतो."

इतरांच्या नोंदी तपासणे हे गेली आठ वर्षे माझे काम आहे. तो तक्ता मी रोज पाहत होते.

बाबा बाकावर बसले होते. त्यांनी चष्म्याची डबी उघडून माझ्यासमोर धरली. आत तेरा कॅप्सूल होत्या. तपासणीच्या आधीच्या तेरा दिवसांच्या, तपासणीच्या दिवसाची धरून. खुणा ते दर रविवारी आठवडाभराच्या एकदम करून ठेवत होते.

"औषध लागू झालं, की तो मागायला येत नाही गं," ते म्हणाले. "पानाजवळ येऊन बसायचा, तेही सोडलं त्याने. मला वाटलं, चार दिवस राहू दे त्याला भुकेला."

"आणि डोस वाढवल्यावर?"

"तेव्हा घाबरलो. माझ्यामुळेच वाढवला ना. मग एक दिवससुद्धा चुकवलं नाही."

म्हणजे शेठला एक कॅप्सूल पुरत असताना अकरा दिवस दोन मिळाल्या. सगळे प्रामाणिकपणे.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू रागावली असतीस तर सांगितलं असतं," बाबा म्हणाले. "तू रागावत नाहीस. तू तारीख विचारतेस."

मी विचारले, कोणत्या तारखेपासून?

ताई रडायला लागली. भावोजी तिला घेऊन बाहेर गेले.

गेल्या आठवड्यात बाबांनी शेठला माझ्याकडे मागितले. "मला दे. आता नाही चुकणार." मी देत नाही. ही शिक्षा नाही. या आजारात कुत्र्याची भूक पाहून सुखावणारा माणूस धोक्याचा असतो, आणि बाबांचे शेठवर माझ्यापेक्षा जास्त प्रेम आहे. शिवाय ते त्याला जिन्यावरून उतरवू शकत नाहीत. ज्या घरात मला खरे सांगायची बाबांना भीती वाटत होती ते घर मी चालवत होते, हीही नोंद व्हावी. तिच्यापुढे नाव माझे लिहावे.

कलम ५. शेठचा ताबा भावोजींना देऊ इच्छिते. ताईला नाही. गरोदर बाईने त्या कॅप्सूलला हात लावायचा नसतो, तेव्हा ताईचा होकार असला तरी त्याचा उपयोग नाही. त्यांचे घर तळमजल्यावर आहे. ते वक्तशीर आहेत. आणि खोटी खूण ओळखणारा दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही.

या संदर्भात एक जुने प्रकरण मिटवते. सात वर्षांपूर्वी ताईला त्यांचे स्थळ आले, तेव्हा मी स्वयंपाकघरात म्हणाले होते, "लिफ्ट दुरुस्त करणारा जावई? ताई दोन मजल्यांच्या मध्येच अडकायची." भावोजी बाहेरच्या खोलीत होते आणि भिंत पातळ आहे. निघताना ते म्हणाले, "इंजिनियरबाई, अडकलेल्यांना बाहेर काढणं हेच आमचं काम." तेव्हापासून ते मला याच नावाने हाक मारतात. ते वाक्य मी मागे घेते. सात वर्षे लागली, हेही मान्य.

रविवारी फोनवर ताईला विचारले. ती म्हणाली, "ते नाही म्हणत नाहीयेत गं. ते काहीच म्हणत नाहीयेत."

कलम ६. सांभाळण्याची पद्धत. आधी अन्न, मग कॅप्सूल. अन्न खाल्ले नाही तर कॅप्सूल द्यायची नाही आणि त्याच तासात दवाखान्यात फोन करायचा. कॅप्सूल उघडायची नाही. दिल्यावर हात धुवायचे. पाणी एकाच माणसाने, एकाच भांड्याने मोजायचे, पण कधीही तोडायचे नाही. त्याला तहान लागते ती खरी असते. घरात लघवी होईल. झाली की तो स्वतःच कोपऱ्यात जाऊन तोंड भिंतीकडे करतो, त्यामुळे वेगळे रागवायची गरज नाही. तक्त्यात खूण विसरली तर चौकट रिकामी सोडावी. नंतर भरू नये. रिकामी चौकट चालते.

त्याचे मूळ नाव दुसरे होते. पोट सुटल्यावर गल्लीने त्याला शेठ केले. आम्हीही हसलो. ते पोट म्हणजे आजार आहे, हे कळायला सात महिने गेले. आता तो जुन्या नावाला मान वळवत नाही.

कलम ७. भावोजींनी नकार दिल्यास. आणखी चार जणांना विचारून झाले आहे, त्यांची उत्तरे सोबत जोडत नाही. अशा कुत्र्याला प्राण्यांच्या आश्रमात ठेवले, तर तिथे एक माणूस सकाळी देतो, दुसरा संध्याकाळी, आणि दोघेही खूण करतात. ते मी होऊ देणार नाही. त्यासाठी डॉक्टरीणबाईंकडे २१ मार्च, सकाळी अकराची वेळ घेतली आहे. त्या दिवशी शेठला कायमचे झोपवले जाईल. मी स्वतः त्याच्याजवळ असेन. मार्चमध्ये मला जिना उतरता येईल, असा अंदाज आहे. एप्रिलचा अंदाज देता येत नाही. तारीख त्यावरून ठरवली आहे, दुसरे काही कारण नाही. बाबांना हे कलम मी स्वतः वाचून दाखवले. ते उठून शेठचे पाणी बदलायला गेले.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, पुन्हा वाचला, एका ठिकाणी आकडा दुरुस्त केला आणि तिथे सही केली. याचा अंमल ताईने करावा.

सही : (लिहून ठेवणारी)

साक्षीदार पहिली : शेठवर उपचार करणारी पशुवैद्य. सही.
साक्षीदार दुसरा : तळमजल्यावरचे शिंपीकाका. मजकूर वाचला नाही, सही करताना पाहिले. सही.

ठिकाण : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक : ३ मार्च.

भावोजींच्या प्रतीवर :

भावोजी, मूळ कागद माझ्याकडे आहे, ही तुमची प्रत. गप्प राहिलात तर मी ते नाही असेच धरेन आणि तुमच्याबद्दल वाईट मत करणार नाही. 'हो' म्हणालात, तर २१ तारखेची वेळ रद्द करून त्याच दिवशी शेठला तुमच्याकडे पाठवेन, म्हणजे काही आठवडे तुम्हाला विचारायला मी असेन. उत्तर ताईकडून नको, तुमचे हवे. १८ मार्चच्या संध्याकाळी सहापर्यंत कृपया हो किंवा नाही कळवावे.